मे महिन्यात जळगाव एमआयडीसीत मुलाखत आहे, ब्लेझर घ्यावा का?

नका घेऊ भाऊ. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 ला टेकतो. गेटवर नाव लिहून आत येईपर्यंतच ब्लेझरवाल्याचा चेहरा बघवत नाही.

मी इथल्याच एका पाइपच्या कारखान्यात प्रॉडक्शनला आहे, ट्रेनी घ्यायचे असले की मुलाखतीला मलाही बसवतात. तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, गाव रावेरकडे, घरी केळी आहे आणि मित्र सूट-टाय घ्या म्हणताहेत. पुण्या-मुंबईत बँकेत वगैरे जायचं असेल तर टायचा विचार करा. इथे टाय बघून आम्हीच अवघडतो.

फिक्या रंगाचा फुल शर्ट, काळी किंवा गडद निळी पँट, काळे बूट, काळा पट्टा. झालं. फक्त आकाशी रंग टाळा, घामाचं ओलं त्यावर लांबून दिसतं. पांढरा किंवा बारीक चौकडीचा बरा. निव्वळ पॉलिस्टर अंगाला चिकटतं आणि निव्वळ कॉटन एसटीत चुरगळतं, म्हणून मिक्स कापड घ्या. आणि भावाच्या लग्नातला तो चकाकणारा शर्ट कपाटातच राहू द्या. दर खेपेला कोणीतरी तसला घालून येतोच!

शिवायला टाकायचं असेल तर पँटला 58 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर कापड पुरतं. पण ही लग्नसराई आहे, शिंपी तारीख देईल आणि पुढची तारीखही देईल. त्यापेक्षा फुले मार्केटमधून रेडिमेड घ्या आणि उंची-कंबर अल्टर करून घ्या. शर्ट बघताना खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच बसली पाहिजे. बाकी सगळं कमी-जास्त करता येतं, खांदा उतरलेला शर्ट मात्र मागून आणल्यासारखाच दिसतो. कॉलरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं जावीत.

आता तुमच्यापुरतं सांगतो. केळीचा चीक. घड कापताना उडतो तेव्हा कळत नाही, वाळला की तपकिरी-काळा पडतो आणि मग कुठल्याच साबणाला दाद देत नाही. घरातल्या माणसाच्या डोळ्यांना ते ठिपके सवयीने दिसेनासे होतात. जुना शर्ट घालणार असाल तर बाह्या आणि पोटाजवळचा भाग उन्हात धरून नीट बघा. टेबलापलीकडे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी केळीच असते, त्यांना लगेच ओळखू येतो.

खरी मुलाखत बऱ्याचदा केबिनमध्ये होतच नाही. कागद चाळून झाले की मी पोराला शॉपवर, म्हणजे यंत्रं चालतात तिथे, फिरवतो. पीव्हीसी वितळवून पाइप काढणाऱ्या यंत्राचं, म्हणजे एक्स्ट्रुडरचं, बॅरल 170-190 अंशांवर चालत असतं, वर पत्रा, बाहेर मे. तिथे मी बघतो की हा फिरत्या यंत्राजवळ कसा उभा राहतो. लोंबणारं आयकार्ड, हातातलं सैल कडं, गळ्यातली बाहेर आलेली साखळी हे मला खटकतं, आणि ते शिस्तीपायी नाही. चालू यंत्रावर काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असावेत हे जुन्या कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 22 मध्येच होतं. बाही कोपरापर्यंत सैल दुमडण्यापेक्षा मनगटाचं बटण लावलेलं बरं. बुटाचा तळ गुळगुळीत नको, शॉपमध्ये फरशीवर तेल सांडलेलं असतं.

फैजपूर-भुसावळ करत एसटीने येणार असाल तर घरूनच तयार होऊन निघू नका. साध्या टी-शर्टवर या, इस्त्रीचा जोड हँगरसकट पिशवीत घ्या, आणि जळगावात मावशी-आत्या कोणीतरी असतेच, तिच्याकडे हातपाय धुऊन बदला. स्टँडवरच्या बाथरूममध्ये पँट बदलायची पाळी आली तर आधी पायचे गुडघ्यापर्यंत गोळा करून मग पाय घाला, खाली कायम ओलं असतं. सेंट बेताचा मारा.

आणि दोन-तीन जोड घेऊन पैसे घालवू नका. नोकरी लागली की बहुतेक कारखाने युनिफॉर्म देतात. एकच चांगला जोड घ्या, उरलेल्या पैशांत बूट जरा बरे घ्या.