दोन दिवस आहेत, गाडी नाही. फ्रान्सच्या वाईनच्या मुलखात जुनी गावं, चर्च, किल्ले कुठे पाहावेत?

सरळ बर्गंडीतल्या बोनला मुक्काम ठोका. दिजाँहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता. १४४३ साली गोरगरिबांसाठी उभारलेलं ओतेल-द्यू हे जुनं रुग्णालय चुकवू नका. रस्त्यावरून छप्पर साधं करडं दिसतं. आत अंगणात आलात की रंगीत, चकचकीत कौलांची नक्षी! नोत्र-दाम चर्च तिथून चालत.

दुसऱ्या दिवशी सायकल भाड्याने घ्या. द्राक्षमळ्यांतली वाट पोमार, व्होलने करत मर्सोला जाते. किल्लाच हवा असेल तर क्लो द वूजो, पण तटबुरुजांची अपेक्षा नको. हा मूळचा सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा द्राक्षमळा. द्राक्षं पिळायची त्यांची अवाढव्य लाकडी यंत्रं बघण्यासारखी आहेत. दुपारी बारा ते दोन गावातली बरीच दुकानं बंद असतात, खाऊपिऊ आधीच घेऊन ठेवा.