गुलमर्गची आगोट

अरे, तुझा मेसेज काल रात्रीच वाचला पण लगेच उत्तर नाही दिलं, कारण दोन ओळीत उरकण्यासारखं नाहीये हे. गुलमर्गच्या हॉटेलात फ्रंट ऑफिसला घेतलंय, १५ डिसेंबरला हजर व्हायला सांगितलंय, आणि तू मला विचारतोयस जॅकेट कुठलं घेऊ. जॅकेटचं सांगतो पुढे. आधी हे ऐक, १५ डिसेंबरला जाऊ नकोस. दिवाळीचा फराळ संपला की निघ.

मॅनेजरला आजच फोन कर आणि विचार की नोव्हेंबरपासून आलो, शिकाऊ म्हणून राहिलो, नुसतं राहायला-जेवायला दिलंत तरी चालेल का. बहुतेक हो म्हणतील, कारण तेव्हा त्यांना माणसं हवी असतात, गाद्या-रजया उन्हात घालायच्या असतात, बुखाऱ्यांचे, म्हणजे लाकडावरच्या शेगड्यांचे, पाईप साफ करायचे असतात, लाकूडफाटा उतरवायचा असतो. एक महिन्याचा पगार बुडेल तुझा, मान्य. तरी जा.

मी पहिल्या वर्षी २० डिसेंबरला रात्री पोचलो होतो आणि दुसऱ्याच दिवशी चिल्लई कलां सुरू झालं. म्हणजे कडाक्याच्या थंडीचे ४० दिवस, २१ डिसेंबर ते जानेवारी अखेर, त्याच्यामागून २० दिवसांचं चिल्लई खुर्द आणि मग १० दिवसांचं चिल्लई बच्चा, तिकडचं सगळं कॅलेंडर या तीन शब्दांवर चालतं. नाताळ-न्यू इयरची गर्दी सुरू झालेली, कोणाला माझ्याशी बोलायला वेळ नाही, आणि मला तर रात्री नळ का चालू ठेवायचा हेसुद्धा माहीत नव्हतं, मी आपला पाणी वाया जातंय म्हणून घट्ट बंद केला आणि सकाळी पाईप गोठलेला, आमच्या अख्ख्या मजल्याला पाणी नाही. पंधरा दिवसात आजारी पडलो आणि परत जायचं तिकीट बघायला लागलो. दुसऱ्या वर्षी १० नोव्हेंबरला गेलो तर तेच गाव वेगळं वाटलं, कारण तेव्हा तिथली सगळी माणसं स्वतःच तयारीला लागलेली होती आणि मी त्यांच्यातच होतो.

तू कोकणातला आहेस म्हणून तुला हे लवकर कळेल. तुझी आजी मे महिन्यात काय करते ते आठव. सुकट, सोडे डब्यात भरते, आमसुलं वाळवते, फणसाचे पापड लाटते, लाकडं पडवीत रचून ठेवते, कौलं परतून घेते. आगोट म्हणतो ना आपण, पाऊस लागायच्या आधीची सगळी बेगमी, एकदा पाऊस लागला की मग कुठे जाता येत नाही म्हणून. काश्मीरमधे हीच आगोट पानगळीच्या दिवसात चालते, फक्त पावसाच्या ऐवजी बर्फाची. वांगी, दुधी, टोमॅटो कापून दोऱ्यात ओवतात आणि खिडक्यांना माळा लटकवतात, सलगमसुद्धा वाळवतात, मासे पण सुकवतात, या सगळ्या सुकवलेल्या भाज्यांना होख स्यून म्हणतात. चिनारची पानं गळाली की ती गोळा करून जाळतात आणि पाणी शिंपडून कोळसा करतात, कांगडीत घालायला. कांगडी म्हणजे बारीक काटक्यांच्या विणीत बसवलेलं मातीचं भांडं, आत निखारे, फेरनच्या, म्हणजे त्यांच्या लांब सैल लोकरी झग्याच्या, आत धरून बसायचं. मी हे सगळं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला माझी आई आठवली होती आणि तिथेच मनातली निम्मी भीती गेली.

आता गावाबद्दल. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, पण त्याला गाव म्हणणं कठीण, मोठी बशीसारखी कुरणं, कडेने हॉटेलं, लष्कराचा तळ, देवदाराचं जंगल. कायमची वस्ती जवळपास नाहीच. हॉटेलात, घोड्यांवर, स्लेजवर काम करणारी बहुतेक माणसं खाली टंगमर्गहून आणि आसपासच्या गावांतून वर येतात, टंगमर्ग १३ किलोमीटर खाली आहे आणि खरा बाजार तिथेच. म्हणून तुझं जग हॉटेलपुरतं ठेवू नकोस. नोव्हेंबरात सुट्टीच्या दिवशी खाली टंगमर्गला जात जा. एक कांदूर धर, कांदूर म्हणजे तंदूरवाला बेकर, सकाळी गिरदा किंवा लवासा या रोट्या घ्यायला रोज त्याच दुकानात जा, दुपारी चोचवोर मिळते तीळ लावलेली, आणि सोबत नून चाय, गुलाबी, खारट. पहिल्या घोटाला आवडणार नाही कदाचित, पीत राहा. एक औषधवाला, एक सुमोवाला, एक किराणावाला ओळखीचा कर. बर्फ पडल्यावर टंगमर्ग ते गुलमर्ग फक्त चाकांना चेन लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्या सोडतात, आणि रात्री कोणाला ताप भरला तर तो ओळखीचा सुमोवालाच चेन लावून वर येतो, अनोळखी माणसासाठी कोण उठणार रे त्या थंडीत.

सिमचं मात्र आत्ताच कर. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमधे चालत नाही, रस्त्याने लखनपूरची हद्द ओलांडलीस किंवा श्रीनगरला उतरलास की फोन बंद. पोस्टपेड करून घे इथूनच. तुझ्या आईला पहिल्या दिवशी फोन लागला नाही तर तिचं काय होईल तुला माहितीये.

कपडे. महागडं जॅकेट घेऊन पैसे घालवू नकोस, तुझं काम आत-बाहेर आत-बाहेर असणार, जाड एकच कपडा असला की आत घाम आणि बाहेर तोच घाम गार. दोन जोड थर्मल, वर लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, आणि वर वारा-पाणी अडवणारं साधं जॅकेट. सुती बनियन अजिबात नको, ओलं झालं की अंगावर बर्फ ठेवल्यासारखं होतं. लोकरीचे मोजे सहा जोड ने, मोज्यात कंजूषी नको. तिकडे सगळे लांब गमबूट घालतात, आपण भातलावणीला घालतो तसेच, टंगमर्गलाच घे, एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोजे मावतील. फेरन तिथेच शिवून घे. काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नकोस, बर्फावरून ऊन उलटं तोंडावर येतं आणि डोळे असे चुरचुरतात की दोन दिवस उघडवत नाहीत.

आता जे सांगतोय ते दोनदा वाच. बंद खोलीत निखारे ठेवून झोपायचं नाही. कांगडी नाही, गॅसचा हीटर नाही, कोळशाची शेगडी तर नाहीच. पाहुण्यांच्या खोल्या गरम असतात, स्टाफच्या खोल्या तशा नसतात, आणि वीज गेली की मुलं दारं-खिडक्या गच्च लावून हीटर पेटवतात. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, रंग नसतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस झोपेतच जातो. काश्मीरमधे दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. खिडकी चार बोटं उघडी, हीटर बंद, गरम पाण्याची पिशवी घेऊन दोन रजयांत झोप. याच्यावर मी ऐकून घेणार नाही काही.

दुसरं, पत्र्याच्या उतरत्या छपरांखालून चालायचं नाही. दुपारी ऊन आलं की वरचा बर्फाचा सगळा थर एकदम घसरून खाली येतो, तो भुसभुशीत नसतो, दगडासारखा असतो. पाहुण्यांना पण सांगत जा, ते नेमके तिथेच फोटो काढायला उभे राहतात.

आणि डोंगर. गंडोला, म्हणजे तिथली केबल कार, दोन टप्प्यांत जाते, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, ३,१०० मीटरच्या आसपास, हा १९९८ पासून आहे, आणि दुसरा २००५ मधे सुरू झाला, तो अफरवट डोंगराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. तिथून खाली जे बर्फ दिसतं ना त्यासाठी जगभरातून लोक येतात, आणि तुलाही वाटेल की आपण पण उतरावं. शिकायचं तर नीट शिक, गुलमर्गमधेच केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिचे कोर्स हंगामात होतात, आधी चौकशी करून सुट्टी मागून ठेव. पहिलं वर्ष खालच्या सोप्या उतारावरच पड आणि ऊठ. वरती उतारांवर गस्त घालणारे स्की पॅट्रोलवाले रोज हिमस्खलनाचा अंदाज लावतात, त्यांनी बंद म्हटलं की बंद. २०१० च्या फेब्रुवारीत गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला लष्कराचे १७ जवान हिमस्खलनात गेले, ते तर डोंगरातच प्रशिक्षण घेणारे होते. २०२३ मधे अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीअर गेले. ताजं बर्फ पडून गेल्यावर लख्ख ऊन पडतं, आकाश निळं, आणि सगळ्यांना वर जायची घाई होते, पण तोच दिवस धोक्याचा असतो, नवा थर खालच्या थराला अजून धरलेला नसतो.

पैशाचं पण बोलू. बर्फ पडेलच असं आता राहिलं नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणं तपकिरी होती, बर्फच नाही, बुकिंग धडाधड रद्द झाली. २०२५ मधे खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले, कारण तेच. मी एका कोरड्या वर्षी एका हॉटेलात होतो, नाव नाही घेत, त्यांनी जानेवारीत आम्हा पाच जणांना घरी जा म्हणून सांगितलं आणि अर्धा पगार आजपर्यंत दिला नाही, माझ्याकडे कागदच नव्हता काही. तू कागद घे. किती महिने, किती पगार, बर्फ नाही पडलं तर काय, जेवण-राहणं त्यात धरलंय का, सगळं ईमेलवर लिहून माग. मागायला लाजू नकोस. परत यायचं भाडं वेगळ्या खात्यात ठेव आणि त्याला हात लावू नकोस.

तुला घेतलंय त्याचं एक कारण तुझं मराठी आहे, हे तुला मुलाखतीत सांगितलं नसेल. महाराष्ट्रातून टूर कंपन्यांचे ग्रुप एवढे येतात की काही दिवशी लॉबीत दुसरी भाषा ऐकू येत नाही. काका-काकू येतात, धाप लागलेली असते, गमबूट चावत असतात, आणि समोर मराठी बोलणारा मुलगा दिसला की त्यांचा चेहराच बदलतो. त्यांना आधी बसव, गरम पाणी दे, बीपी-शुगरच्या गोळ्या घेतल्यात का विचार, वरच्या टप्प्यावर जायच्या आधी तब्येत खरं सांगा म्हणून सांग. मग भाव करायची वेळ आली की ते तुला बाजूला घेतील, अरे हा स्लेजवाला लुटतोय बघ, तू आपला आहेस ना. तिथे सांभाळ. तो स्लेजवाला एका माणसाला दोरीने ओढत चढावर नेतो, ओल्या बुटांनी, आणि त्याचं घर या दोन-तीन महिन्यांवर चालतं. कोणी खरंच जास्त मागत असेल तर त्यालाही सांग, स्पष्ट सांग, पण दर काय आहे ते आधी दोघांना सांगून टाक म्हणजे भांडण होत नाही. तू दोघांचाही आहेस.

तुझ्या आईचा फोन आला होता मला. २०२५ च्या एप्रिलमधे पहलगामला जे झालं ते तिच्या डोक्यातून जात नाही, आणि का जावं, २६ माणसं गेली, आपल्या महाराष्ट्रातली होती त्यात, आणि पर्यटकांना वाचवायला गेलेला तिथला घोडेवालाही होता. मी तिला काही होणार नाही असं म्हटलं नाही, ते कोणीच म्हणू शकत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की मी ज्या लोकांबरोबर चार हिवाळे काढले ते मला ताप असताना रात्रभर उशाशी बसले होते. तू तिच्याशी नीट बस, घाईत नको, तिला सगळं विचारू दे. कुठलं हॉटेल, मॅनेजरचा नंबर, माझ्या ओळखीच्या टंगमर्गच्या दुकानदाराचा नंबर, वहीत लिहून दे तिच्या. आणि रोज एक ठरलेली वेळ ठेव फोनची. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास अंधार पडतो तिकडे आणि तेव्हाच फार एकटं वाटतं, तीच वेळ ठेव.

पहिलं बर्फ पडलं की लोक एकमेकांना शीन मुबारक म्हणतात, शीन म्हणजे बर्फ. तेव्हा तुला कोणी कागदात गुंडाळून काहीतरी हातात दिलं तर समजून जा, आत बर्फ असतं आणि ते तू घेतलंस की मेजवानी तुझ्याकडून. मला किचनमधल्या चाचांनी दिलं होतं. मी सगळ्यांना कुळथाची पिठी आणि भात खायला घातला, आईने पाठवलेलं पीठ होतं, त्यांना इतकं आवडलं की मार्चपर्यंत मागत होते. त्यामुळे आजीकडून दोन किलो कुळथाचं पीठ घे.

जायचं कसं ते विमानाचे दर बघून ठरव, ट्रेनने गेलास तर कटऱ्याहून २०२५ च्या जूनपासून थेट श्रीनगरला वंदे भारत जाते, रस्ता बंद पडायची भीती तेवढी कमी. श्रीनगरहून पुढे ५० किलोमीटर. माझे दोन थर्मल आणि लोकरीची टोपी पेटीत पडून आहेत, तुला होतील, शनिवारी घरी ये आणि घेऊन जा. यायच्या आधी मॅनेजरला फोन झालेला पाहिजे.

तुझा काका