बॅटमॅन आणि ग्रीन हॉर्नेट एकत्र आलेला भाग कोणता? त्यांचे साथीदार रॉबिन आणि केटो यांच्या मारामारीत कोण जिंकतं?

‘ग्रीन हॉर्नेट’ मालिकेत शोधू नका, सापडणार नाही. ‘बॅटमॅन’च्या दुसऱ्या सीझनमध्ये ही जोडकथा आहे: ‘अ पीस ऑफ द ॲक्शन’ आणि ‘बॅटमॅन्स सॅटिस्फॅक्शन’, १ आणि २ मार्च १९६७. सलग बघा, कारण पहिला भाग ऐन संकटात तुटतो: बनावट टपाल तिकिटं छापणारा कर्नल गम हॉर्नेट-केटोला तिकीट बनवायच्या यंत्रात ढकलतो.

मारामारीत कुणीच जिंकत नाही, बरोबरी. केटो म्हणजे ब्रूस ली, त्यामुळे हा निकाल आजही पटत नाही! हॉर्नेट गुंडाचं सोंग घेऊन वावरतो, म्हणून बॅटमॅन त्याला गुन्हेगारच समजतो. मात्र ‘बॅटमॅन’च्याच १९६६च्या ‘द स्पेल ऑफ टट’ भागात बॅटमॅन-रॉबिन भिंत चढताना हॉर्नेट-केटो खिडकीतून डोकावतात तेव्हा सगळे गोडीत बोलतात. तो प्रसंग या कथेशी जोडू नका.