किनाऱ्यावर कोणी बुडालं तर तीन-चार स्वयंसेवी पथकांचा मेळ कसा घालायचा? प्रमुख कोणाला करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे मच्छीमार सोसायटी, वॉटर स्पोर्ट्सची पोरं, सागर रक्षक दल आणि तालुक्याचं एक रेस्क्यू पथक असे चौघे आहेत. कोणी बुडालं की सगळे धावतात, पण शोध एकत्र होत नाही. तर प्रमुख कोणाला करावं आणि एखादं ॲप घ्यावं का? ॲपचं शेवटी बघू. प्रमुखाचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून भांडण चालू आहे.

जो होडीत चढणार आहे त्याला प्रमुख करू नका. तो कितीही पटाईत पोहणारा असो, दर्या त्याला कितीही पाठ असो, एकदा पाण्यात गेला की त्याला स्वतःच्या होडीभोवतीचं तेवढं पाणी दिसतं. प्रमुख काठावर बसलेला हवा. त्याच्यापुढे वही हवी, भरती-ओहोटीचं कोष्टक हवं, आणि त्याच्या फोनवर दुसरं कोणी बोलता कामा नये.

माझे दीर तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान आहेत. त्यांना हे आजही मान्य नाही. "वहिनी, काठावर बसून होड्या हाकता येत नाहीत," हे मी दर गणपतीत सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकते.

झालं होतं ते असं. आमचं गाव दापोली तालुक्यात, हर्णै आणि दाभोळच्या मधल्या पट्ट्यात. डिसेंबरातला रविवार, सकाळची वेळ. पर्यटकांची दोन पोरं ट्रकच्या चाकाची ट्यूब घेऊन पाण्यात उतरली. थंडीत सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून दर्यात जाणारा. त्यानं लाट दबते, पाणी तळ्यासारखं दिसतं, म्हणून आईबाप निर्धास्त. त्यात ओहोटी लागलेली. बोंब झाली तोवर ट्यूब ठिपक्याएवढी झाली होती, आणि होड्या ढकलेपर्यंत दिसेनाशी.

मी सोसायटीच्या ऑफिसात बर्फ-डिझेलचा हिशेब बघत होते. बाहेर आले तर पाण्यात आमच्या होड्या, दोन जेट स्की आणि वॉटर स्पोर्ट्सची एक बोट, सगळ्या एकाच जागी घिरट्या घालत होत्या. का? तर काठावरची गर्दी हात करून तिकडेच दाखवत होती. अहो, गर्दी दाखवते ती जागा शेवटची दिसलेली. ट्यूब तिथे थांबून राहते का? बुडालेला माणूस पाण्याच्या ओढीनं जातो. तरंगणाऱ्याला वाराही नेतो, आणि हवा भरलेल्या ट्यूबला तर वाराच जास्त नेतो.

तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, 'मुलगा सापडला'. झालं, जेट स्की वळल्या, दोन होड्याही परत निघाल्या. मी त्या आईपाशी गेले आणि विचारलं, "ताई, पाण्यात किती जण होते?" म्हणाली, दोघं. सापडला होता तो थोरला. त्यानं ट्यूब सोडून दिली होती आणि पोहत खडकांना लागला होता, तिथे कालवं काढणाऱ्या बायकांनी त्याला वर घेतलं. धाकटा अजून ट्यूबवर होता. हे ऐकायला तिच्याजवळ एकही माणूस नव्हता, सगळे मर्द पाण्यात!

मग मी हिशेबाच्या वहीचं मागचं पान उघडलं. होडीचं नाव, तांडेल, आत माणसं किती, निघाली कधी, कुठून कुठपर्यंत पाहिलं. एकेकाला फोन लावून वेगवेगळे पट्टे वाटून दिले. वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवरचा पोरगा जीपीएसचे आकडे सांगायचा. आमचे लोक सांगायचे 'देवळाचा कळस डोंगराच्या सोंडेवर आला की आठ वाव पाणी, तिथे आहोत' (वाव म्हणजे पाण्याची खोली मोजायचं आमचं माप). दोघांचंही बरोबर, पण एकाला दुसऱ्याचं कळेना. म्हणून वहीत खूण आणि आकडा शेजारी-शेजारी लिहिले. तुमच्या किनाऱ्याचा असा एक नकाशा आत्ताच करून ठेवा. हे काम घटना घडल्यावर होत नाही.

एकाच होडीवर व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटी एकमेकींशी बोलतात तो रेडिओ होता. तिला सांगितलं, तू शोधू नकोस, मोबाईलची रेंज असेल तिथे थांब आणि सोळा नंबरच्या चॅनेलवर बाहेरच्या बोटींना हाक मार. दाभोळकडून हर्णैच्या लिलावाला निघालेल्या एका ट्रॉलरनं ती ऐकली. त्यानं वाट थोडी बाहेरून घेतली आणि ट्यूब दिसली. पोरगा थंडीनं काकडला होता, पण जिवंत.

भावजींचं म्हणणं, "मी पहिल्यापासून सांगत होतो, बाहेर बघा." सांगत असतील, नाही कुठे म्हणते! त्यांना दिशा कळली होती, त्यांनी होडी बाहेर घातलीही होती. पण त्यांना कळलेलं त्यांच्या होडीतच राहिलं. बाकीच्या होड्या काठालगतच फिरत होत्या. वहीत त्यांची होडी 'पश्चिम, उत्तरेच्या अंगाला' अशी लिहिलेली होती, म्हणूनच ट्रॉलरला दक्षिणेचा अंग बघायला सांगता आलं. ती वही अजून माझ्याकडे आहे. कधीही या, दाखवते.

सत्कार कोणाचा झाला? मुलगा काठावर आल्यानंतर गाडीतून रबरी बोट उतरवणाऱ्या, जॅकेटवर नाव छापलेल्या पथकाचा. पोरं वाईट नव्हती, दुरून आली होती, उशीर व्हायचाच. पण नारळ-शाल द्यायला आलेल्यांनी ट्रॉलरच्या तांडेलाचं नावही विचारलं नाही. होड्यांचं डिझेल कोण देणार हे मी विचारलं, तर 'माणुसकीत पैसा आणू नका' असं उत्तर मिळालं. माणुसकीवर इंजिन चालत नाही हो. तुमच्या चार संस्थांच्या बैठकीत पहिला ठराव डिझेलचा करा. ग्रामपंचायत, रिसॉर्टवाले, वॉटर स्पोर्ट्सवाले, सगळ्यांनी मिळून फंड काढावा. पुढच्या वेळी होडी किती लवकर निघेल हे त्यावर ठरतं.

कोणी म्हणेल, २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात सगळं लिहिलेलंय, जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे प्रमुख जिल्हाधिकारी आहेत, समुद्रातल्या शोधाला तटरक्षक दल आहे. मान्य. तटरक्षक दलाच्या १५५४ ला आणि आपत्कालीन ११२ ला फोन पहिल्या मिनिटाला गेलाच पाहिजे, आणि तो कोण लावणार हेही नावानिशी ठरलेलं असू द्या, नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्यानं लावला. पण अधिकारी पोचेपर्यंतचा वेळ तुमचाच असतो. २०१६ च्या १ फेब्रुवारीला रायगडातल्या मुरूडला पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून गेले. अशा वेळी जवळच्या होडीलाच आधी निघावं लागतं.

आणि मोजणी. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. नौदल, तटरक्षक दल, बंदराच्या बोटी, सागरी पोलीस, मच्छीमार, मदतीला सगळे होते. पण वाचलेल्यांना वेगवेगळ्या धक्क्यांवर आणि दवाखान्यांत नेलं गेलं, आणि नेमके किती बेपत्ता याचा मेळ लागायला वेळ गेला. तुमच्याकडे बोटी कितीही असोत, एक माणूस फक्त नातेवाइकांपाशी बसवा, शक्यतो बाई. 'सापडला' हा शब्द वहीवाल्याशिवाय कोणी ग्रुपवर टाकायचा नाही. शोध संपल्यावर गेलेल्या होड्या आणि आलेल्या होड्याही मोजायच्या.

हे मी लहान गावाचं, थंडीतल्या शांत पाण्याचं सांगितलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि नेमके तेव्हाच पर्यटक पावसात भिजायला येतात. त्या दिवसांत काठावरून दोर आणि लाइफबॉय टाकण्यापलीकडे काही करू नका. उधाणात होडी घालून वाचवणाराच जायचा. तिथे भावजींचा शब्द शेवटचा. ते नाही म्हणाले तर मी वही मिटते.

ॲपचं म्हणाल तर घेऊ नका. थोडं बाहेर गेलं की रेंज जाते आणि ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. ते पैसे व्हीएचएफ सेटला घाला, आणि सेट घ्यायच्या आधी परवान्याचं विचारून घ्या.