समीकरण सुटते, पण आलेख वाचता येत नाही

"मुलगी समीकरणे बिनचूक सोडवते, पण आलेख समोर आला की तिला काहीच सुचत नाही. तिची गणिताची समज कच्ची आहे, असे समजायचे का?" हा प्रश्न पालक मला वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून देते. तिची ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेले आहेत.

ती आली तेव्हा तिच्या हातात उत्तरपत्रिका होती आणि आपण या विषयासाठी नाहीच, हा निष्कर्ष तिने आधीच काढलेला होता. प्रश्नात एका फलनाचा, म्हणजे क्षच्या प्रत्येक किमतीला एकच मूल्य देणाऱ्या नियमाचा, आलेख होता. वक्र डावीकडे (उणे ४, उणे २) या भरीव बिंदूपासून सुरू होत होता, उणे ३ पाशी क्ष-अक्ष ओलांडून (उणे १, ४) या सर्वोच्च बिंदूपर्यंत चढत होता, मग उतरताना य-अक्षाला ३ वर आणि क्ष-अक्षाला २ वर छेदून (५, उणे ५) येथील पोकळ वर्तुळाशी थांबत होता; भरीव बिंदू वक्रात मोडतो, पोकळ वर्तुळाचा बिंदू मोडत नाही. डोमेन (वक्र क्ष-अक्षावर कोठून कोठपर्यंत पसरतो), रेंज (तो किती खालपासून किती वरपर्यंत जातो) आणि दोन्ही अक्षांवरील छेदबिंदू विचारले होते. डोमेन तिने उणे ४ ते ५ असे लिहिले होते, मात्र ५ हेही त्यात धरले होते. रेंज उणे २ ते उणे ५ अशी लिहिली होती. आणि य-अक्षावरील छेदबिंदू (३, ०) असा उलटा मांडला होता.

ही उत्तरे मी बारकाईने वाचली, कारण चुकांमध्येही एक पद्धत असते. तिने वक्राची फक्त दोन टोके पाहिली होती आणि सगळी उत्तरे त्या टोकांतूनच काढली होती. डोमेनसाठी ते येथे जवळजवळ चालून गेले. रेंजसाठी चालले नाही, कारण सर्वांत मोठी उंची टोकाला नसून मध्ये, ४ वर होती. यात बुद्धीची उणीव नव्हती; तीन वेगळे प्रश्न एकाच नजरेत उरकण्याची घाई होती, आणि ही घाई भीतीतून येते. अ‍ॅशक्राफ्ट आणि कर्क या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की गणिताची धास्ती ही कार्यकारी स्मृतीची, म्हणजे हातातले काम सुरू असताना मनात माहिती धरून ठेवण्याची, जागा अडवते. एकाच आकृतीतून चार गोष्टी शोधायच्या असतात तेव्हा नेमकी हीच जागा लागते.

म्हणून आम्ही प्रश्न वेगळे केले. डोमेन म्हणजे क्षच्या ज्या किमतींना फलनाचे मूल्य आहे त्या सर्व किमती. वक्रावर वरून आणि खालून सरळ उजेड पाडला तर क्ष-अक्षावर त्याची सावली जेथून जेथपर्यंत पडेल, तेवढे डोमेन. हाच उजेड डावी-उजवीकडून पाडला, तर य-अक्षावरची सावली म्हणजे रेंज. दर वेळी दुसरा अक्ष कोऱ्या कागदाने झाकायचा, एवढा एकच नियम मी तिला दिला. रेंज उणे ५ पेक्षा जास्त आणि ४ पर्यंत, ४ धरून, हे तिने त्याच बैठकीत स्वतः शोधले.

अधिक वेळ पोकळ वर्तुळाने घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता असे माझे मत आहे. मी तोच वक्र पुन्हा काढला, फक्त उजवे टोक उचलून (५, उणे २) येथे पोकळ ठेवले. तिने लगेच रेंजमधून उणे २ वगळले आणि म्हणाली, "मॅडम, तिथे वर्तुळ पोकळ आहे, मग उणे २ कसे धरायचे?" मी तिला उणे २ या उंचीवर आडवी रेषा ओढायला सांगितली. ती रेषा डावीकडच्या भरीव बिंदूतून गेली आणि मुलगी बराच वेळ त्या बिंदूकडे पाहत राहिली. पोकळ वर्तुळ तो एक बिंदू नाकारते, ती उंची नाकारत नाही. तीच उंची वक्राने अन्यत्र गाठली असेल, तर ती रेंजमध्ये असतेच. ५ मात्र डोमेनबाहेरच राहिले, कारण त्या उभ्या रेषेवर दुसरा कोणताही बिंदू नव्हता.

छेदबिंदूंचा गोंधळ तुलनेने लवकर मिटला. क्ष-अक्षावर असलेल्या बिंदूची उंची शून्य असते, आणि य-अक्षावरच्या बिंदूसाठी क्ष शून्य असतो. शून्य कोणाचा, हे आधी लिहिले की (३, ०) आणि (०, ३) यांची अदलाबदल होत नाही. त्यानंतर तिने स्वतःहून विचारले की क्ष-अक्षावर दोन छेद आणि य-अक्षावर एकच का. फलनात क्षच्या प्रत्येक किमतीला एकच मूल्य असते, त्यामुळे शून्यालाही जास्तीत जास्त एकच मूल्य मिळते. उलट, शून्य ही उंची वक्र कितीही वेळा गाठू शकतो. फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांनी वक्र आणि समीकरण यांची सांगड १६३७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि प्रत्येक किमतीला एकच निश्चित मूल्य ही फलनाची व्यापक व्याख्या जर्मन गणितज्ञ डिरिक्ले यांनी १८३७ मध्ये मांडली, हे मी तिला मुद्दाम सांगितले. जी कल्पना स्पष्ट व्हायला गणितज्ञांना एवढा काळ लागला, ती पहिल्या नजरेत उमगली नाही म्हणून कोणी स्वतःला मठ्ठ ठरवू नये, असे मला मनापासून वाटते.

तिने गणित सोडावे का, असे तिच्या वडिलांनी विचारले होते. केवळ एवढ्या कारणावरून मुळीच नाही, असे मी त्यांना सांगितले; तिच्या शिक्षकांशी बोलून काही दिवस तिला आलेखाचे प्रश्न घड्याळ न लावता सोडवू द्यावेत, एवढेच सुचवले.

तिची एक अडचण अजून शिल्लक होती. क्षचा वर्ग वजा १ या फलनाच्या आलेखात दोन्ही टोकांना बाण होते, म्हणजे वक्र पुढेही चालूच राहतो, तरी चौकटींचा कागद जेथे संपतो तेथेच, म्हणजे उणे ३ ते ३, असे डोमेन तिने लिहिले. मी तिला क्षची किंमत १० घ्यायला सांगितली. उत्तर ९९ आले. तो बिंदू कागदावर मावत नव्हता, पण मूल्य होते. तिने डोमेन खोडून 'सर्व वास्तव संख्या' असे लिहिले, आणि रेंज 'उणे १ आणि त्याहून मोठ्या सर्व संख्या' हे मला न विचारताच पूर्ण केले.