गिझर लावला की घरभर अंधार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर सात वर्षांचा आहे. पाणी बोअरचे. गेल्या महिन्यापासून गिझर चालू केला की पाच-सात मिनिटांत मेन स्विचजवळचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो आणि सगळ्या घराची वीज जाते. वायरमन म्हणतात, ‘गिझरची अर्थिंगची वायर काढून टाकू, त्रास थांबेल.’ काढावी का?
(वाचक, सिंहगड रस्ता, पुणे)

उत्तर : मुळीच काढू नका. त्रास थांबेल हे खरे, पण गळणारा प्रवाह तसाच राहील. आज तो अर्थिंगमधून जमिनीत जातो, म्हणून आरसीसीबीला कळतो. वायर काढली की गिझरची टाकी, नळ आणि शॉवर यांत वीज उतरून बसेल आणि ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती वाट काढेल. दुरुस्ती होईपर्यंत गिझरचा प्लग काढून ठेवा.

आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडलाच पाहिजे. प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडतो. २३० व्होल्टला १५ मिलिअँपिअर गळायला कॉइल आणि टाकी यांच्यातला रोध सुमारे १५ किलोओहमपर्यंत उतरावा लागतो. धडधाकट कॉइलमध्ये तो मेगओहममध्ये असतो. म्हणजे तुमच्याकडे बिघाड बराच पुढे गेला आहे.

बिघाड नक्की कुठे, हे आधी वेगळे करा. गिझरचा प्लग काढून आरसीसीबी वर करा. तो टिकला, तर त्याच सॉकेटला चांगली इस्त्री लावून दहा मिनिटे चालवा. इस्त्रीवरही पडला तर दोष सॉकेटच्या वायरिंगमध्ये आहे. कधी कधी गिझरची न्यूट्रल आरसीसीबीतून न जाणाऱ्या दुसऱ्याच न्यूट्रलला जोडलेली निघते. इस्त्री निवांत चालली तर दोष गिझरमध्ये.

पडण्याची वेळही पुष्कळ सांगते. बटण दाबताच पडला तर कॉइल पुरती फुटलेली असते. तुमच्यासारखा पाच-सात मिनिटांनी पडला तर आवरणाला केसासारखी चीर असण्याची शक्यता जास्त, कारण ती तापल्यावर उघडते. आणि बटण बंद असताना नुसता प्लग खोचल्यावरही पडत असेल तर न्यूट्रलच्या बाजूची गळती समजा. आपल्याकडची बटणे बहुधा फक्त फेज तोडतात. न्यूट्रल कॉइलला जोडलेलीच राहते.

तपासणी परवानाधारक वायरमनकडून, पण तुमच्यासमोर करून घ्या. मेन बंद, प्लग बाहेर, मग गिझरचे खालचे झाकण उघडायचे. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवायच्या. दोन टोकांमध्ये मल्टिमीटर लावला की २००० वॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास आकडा यावा. तो बरोबर आला म्हणून कॉइल चांगली असे मात्र ठरत नाही, आणि चूक होते ती इथेच. खरी परीक्षा कॉइलचे टोक आणि टाकी यांच्यामध्ये, ५०० व्होल्टच्या मेगरने (जास्त व्होल्ट लावून रोध मोजणारे मीटर). १ मेगओहमपेक्षा कमी आले तर कॉइल बदला. साधा मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, त्यामुळे चीर त्याला दिसेलच असे नाही. कॉइल चांगली निघाली तर थर्मोस्टॅटची टोके आणि आतल्या वायरींवर टाकीच्या गॅस्केटमधून पाणी ठिबकते आहे का ते पाहा. हिरवट डाग हा त्याचा पुरावा.

बोअरच्या पाण्यात कॉइल का जाते? पाण्यातल्या क्षाराचा थर कॉइलवर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही, आवरण जास्त तापून तडकते. आत विद्युतरोधक म्हणून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी मग ओल धरते, आणि ओली भुकटी वीज वाहते. म्हणून नुसती कॉइल बदलून भागत नाही. टाकी रिकामी करून क्षार खरवडून काढा, गॅस्केट नवे घाला, आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) पाहा. तो झिजून तारेएवढा उरला असेल तर बदला. तुमच्या पाण्याला तो दर वर्षी उघडून पाहायला हवा. नवी कॉइल त्याच वॅटची आणि त्याच फ्लँजची (टाकीला बसणाऱ्या चकतीची) घ्या. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत गिझर चालू करू नका; कोरडी कॉइल काही क्षणांत जळते. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांवर ठेवला तर क्षारही कमी बसेल.

प्रश्न : आमच्याकडे आरसीसीबी नाही, गिझरचा १० अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेला की पडणारा स्विच) वीस मिनिटांनी पडतो. १६ चा टाकू का?
(वाचक, ठाणे)

उत्तर : २००० वॅटला ८.७ अँपिअर लागतात, म्हणजे १० चा पडायला नको. असा उशिरा पडणारा एमसीबी उष्णतेवर पडतो. त्याचा स्क्रू सैल असेल तर तिथलीच उष्णता त्याला पाडते. मेन बंद करून स्क्रू आवळून घ्या. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. १६ चा एमसीबी वायर २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तरच टाका. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आधी बसवा. एमसीबी शॉकपासून वाचवत नाही.

प्रश्न : परसातल्या हॉट टबचा जीएफसीआय (वीजगळती पकडणारा) ब्रेकर हीटर सुरू झाला की पडतो. कुठून सुरुवात करू?
(वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : तिकडचा जीएफसीआय ५ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो, आपल्या आरसीसीबीपेक्षा कितीतरी हळवा. ब्रेकर बंद करून कंट्रोल बोर्डवरून हीटरच्या दोन्ही वायरी सोडवा, टोकांना टेप लावा आणि टब चालू करा. टिकला तर हीटरच गळतो आहे. २४० व्होल्टच्या ५.५ किलोवॅट हीटरचा रोध साडेदहा ओहमच्या जवळ भरला तरीही. तरी पडला तर ओझोनेटर, ब्लोअर, सर्क्युलेशन पंप, जेट पंप असे एकेक सोडवत जा, प्रत्येक वेळी ब्रेकर आधी बंद करून. ब्रेकर नुकताच बदलला असेल तर त्याची पांढरी वेटोळी वायर न्यूट्रल बारला आणि टबची न्यूट्रल थेट ब्रेकरला आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. उलट जोडली तर चांगला टबही पडतो. नवा हीटर लावल्यावर पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा, आम्लधर्मी पाणी आवरण खाते. थंडीत दुरुस्ती लांबणार असेल तर टब आणि पाइप रिकामे करा. वीज नसताना गोठलेले पाणी पंप फोडते.