आभाळ फिगेरोआचं

प्रश्न : महोत्सवात 'मारिया कांदेलारिया' पाहिला. भर दुपारचं ते काळंभोर आभाळ आणि त्यावरचे पांढरेशुभ्र ढग डोळ्यांसमोरून हलत नाहीत. हे कसं साधलं असेल? आणि जुन्या मेक्सिकन चित्रपटांपैकी पुढे काय पाहू?

उत्तर : तुम्ही नट-नट्यांआधी आभाळाबद्दल विचारलंत, याचा मला फार आनंद झाला. ते आभाळ छायालेखक गाब्रिएल फिगेरोआचं. कृष्णधवल फिल्मवर निळं आकाश फिकट उमटतं, ढग त्यातच विरून जातात. भिंगापुढे लाल फिल्टर लावला की निळा प्रकाश अडतो, आकाश काळवंडतं आणि ढग उठून दिसतात. ही युक्ती इतरांनाही ठाऊक होती. पण क्षितिज पार खाली, कडेला घायपाताची टोकदार पानं आणि उरलेली सगळी चौकट आभाळाला, ही नजर त्याची.

दिग्दर्शक एमिलियो फर्नांदेस, हॉलिवूड सोडून मायदेशी परतलेली नटी डोलोरेस देल रिओ, नट पेद्रो आर्मेंदारिस आणि फिगेरोआ अशी ही चौकडी. 1946 साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'मारिया कांदेलारिया'ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तो आपल्या 'नीचा नगर'सह इतर दहा चित्रपटांसोबत विभागून.

पुढे याच दिग्दर्शकाचा 'एनामोरादा' पाहा. माझ्या मते तो अधिक जिवंत आहे. मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत चोलुला गावातल्या श्रीमंताच्या मानी मुलीवर सेनापतीचा जीव जडतो. रात्री तिच्या खिडकीखाली गाणं सुरू होतं आणि पडदाभर नायिका मारिया फेलिक्सचे फक्त डोळे. मिटलेल्या पापण्या हळूहळू उघडतात. मी तो प्रसंग एकदा आवाज बंद करूनही पाहिला. तरी गाणं कळतं.

दुसऱ्याच दिवशी लुईस बुन्युएलचा 'नासारिन' पाहा. छायालेखक तोच. बुन्युएलने स्वतःच सांगितलेली हकीकत आहे : फिगेरोआने पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी आणि त्यावरचे पांढरे ढग अशी देखणी चौकट जुळवून ठेवली होती. बुन्युएलने कॅमेरा उलटा फिरवायला लावला आणि समोरचं अगदी साधं दृश्य टिपलं, कारण त्याला ते जास्त खरं वाटलं. मला वाईट वाटतं ते त्या न टिपलेल्या ढगांचं, पण 'नासारिन'च्या उजाड वाटा पाहताना बुन्युएलचंच बरोबर होतं हेही पटतं. दोघांनी मिळून सात चित्रपट केले. त्यातला 'लोस ओल्विदादोस' मात्र मन खंबीर असेल त्या दिवशीच लावा. मेक्सिको सिटीतल्या रस्त्यावरच्या पोरांची ती गोष्ट आहे आणि तिथे आभाळाकडे बघायला कुणाला सवड नाही.